व्हिडिओ फाईल नक्की कुठल्या फॉरमॅटची आहे हे कसं ओळखायचं

फाईलच्या नावाला डॉट एमपीफोर लावलंय म्हणून ती एमपीफोर असतेच असं अजिबात नाही, ते शेपूट कोणीही बदलू शकतं, म्हणून फाईल चालत नसेल तर लगेच कन्व्हर्टर शोधू नका, आधी आत काय आहे ते बघा. आणि दोन गोष्टींची गल्लत करू नका. कंटेनर म्हणजे नुसता डबा (एमपीफोर, एमकेव्ही, टीएस) आणि कोडेक म्हणजे आत व्हिडिओ कुठल्या पद्धतीने दाबून भरलाय ते, उदा. एच २६४.

सोपा मार्ग म्हणजे मीडियाइन्फो, म्हणजे फाईलच्या आतली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, फाईल त्यात ओढून टाका, जनरलखाली फॉरमॅट दिसेल तो कंटेनर आणि व्हिडिओखाली दिसेल तो कोडेक. तिथे एव्हीसी लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, ते एच २६४ चंच दुसरं नाव.

मीडियाइन्फोलाही काही सापडलं नाही तर फाईल हेक्स एडिटरमध्ये (फाईलचा एकेक बाइट हेक्स आकड्यांत आणि शेजारी अक्षरांत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, मला तर हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो. पाचव्या बाइटपासून एफटीवायपी अशी अक्षरं दिसली की बहुतेक एमपीफोर नाहीतर त्याच घराण्यातली फाईल, सुरुवातीलाच आरआयएफएफ आणि थोडं पुढे एव्हीआय दिसलं तर एव्हीआय, पहिली तीन अक्षरं एफएलव्ही असतील तर फ्लॅश व्हिडिओ. सुरुवातीचे चार बाइट हेक्समध्ये १ए ४५ डीएफ ए३ असतील तर एमकेव्ही किंवा वेबएम.

टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली फाईल असेल तर जरा नीट बघावं लागतं, कारण ती बऱ्याचदा टीएस असते. टीएसमध्ये १८८ बाइटची पाकिटं असतात आणि प्रत्येक पाकीट हेक्स ४७ ने सुरू होतं, पण रेकॉर्डिंग मधूनच सुरू झालं असेल तर फाईलचा पहिलाच बाइट ४७ असेल याची खात्री नाही, म्हणून पहिला ४७ शोधा, तिथून १८८ पुढे जा, परत ४७ आहे का बघा, अजून १८८ पुढे जा. एकदाच जुळलं तर तो योगायोग असू शकतो, तेव्हा चार-पाच वेळा तरी तपासा. अंतर १९२ चं निघालं तर ती एमटूटीएस (टीएसचाच एक प्रकार), त्यात प्रत्येक पाकिटाआधी वेळेचे ४ बाइट जास्तीचे असतात.

आणि फाईल जेमतेम काही केबीची असेल तर नोटपॅडमध्ये उघडून बघा, पहिल्या ओळीत हॅशच्या पुढे ईएक्सटीएमथ्रीयू असेल तर ती नुसती प्लेलिस्ट, व्हिडिओचे तुकडे दुसरीकडेच आहेत.

एवढं कळल्यावर बऱ्याचदा फक्त एक्स्टेन्शन दुरुस्त केलं तरी काम होतं, आणि कोडेक चालतोय पण डबाच चालत नाही असं असेल तर एफएफएमपेगमध्ये (कमांड देऊन चालवायचं व्हिडिओ सॉफ्टवेअर) कोडेक कॉपी ठेवून, म्हणजे आतला व्हिडिओ परत न दाबता तसाच ठेवून, कंटेनर बदला, क्वालिटी जराही कमी होत नाही.