मराठी अर्जाचं पान सगळ्यांना भरता येईल असं कसं बांधावं

ग्रंथालयाचं सभासदत्व असो, ग्रामपंचायतीचा दाखला असो की शाळेतला प्रवेश, मराठी संकेतस्थळावर लोक अडतात ते बहुधा अर्जाच्या पानावर. लेख वाचताना एखादं जोडाक्षर फुटलेलं दिसलं तर वाचक अंदाजाने पुढे सरकतो. अर्जाने नाव नाकारलं की मात्र तिथेच खुंटतं. म्हणून इथे एकच पान समोर ठेवलं आहे: नाव, जन्मतारीख, पत्ता, जिल्हा, मोबाइल, ओटीपी आणि खाली 'अर्ज पाठवा' हे बटण.

मोजपट्टी म्हणून डब्ल्यूसीएजी २.२ घ्या, म्हणजे संकेतस्थळं दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली. ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आली. तिचा 'डबल ए' हा मधला दर्जा गाठणं हे आपलं लक्ष्य. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, आयएस १७८०२ हे मानक आणि सरकारी संकेतस्थळांसाठीची जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. पण या यादीतला प्रत्येक मुद्दा टिक केला तरी मराठी पान मोडलेलं असू शकतं, कारण देवनागरीचे खाचखळगे त्या यादीत फारसे नाहीत. ते आपले आपणच बघायचे.

आधी मजकूर खरा आहे का ते बघा

पानावरचं एक वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी जसंच्या तसं उतरलं तर ठीक. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली तर मजकूर कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात आहे. डोळ्यांना मराठी दिसतं, पण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, ती खिचडीच वाचतो आणि शोधयंत्राला काही सापडत नाही. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. चुका नेमक्या तिथे राहतात, म्हणून या दोन गोष्टींवर एकदा नजर फिरवाच.

अर्जाच्या सूचना जेपीजी चित्रात असतील तर त्या टंकून पानावर घ्या. पीडीएफलाही हीच कॉपी-चिकटव कसोटी लावा. स्कॅन केलेल्या पीडीएफमधून तर काहीच कॉपी होणार नाही.

पानाला भाषा सांगा

एचटीएमएल टॅगवरच्या 'लँग' या ॲट्रिब्यूटची किंमत 'एमआर' हवी. आयता साचा घेतला की तिथे बहुतेक वेळा 'ईएन' असतं, कधी कुणाच्या तरी हिंदी साइटवरून आलेलं 'एचआय'. इंग्रजी सांगितलं तर स्क्रीन रीडरचा आवाज देवनागरी गाळू शकतो. हिंदी सांगितलं तर वाचतो, पण 'ज्ञानेश्वर'चा 'ग्यानेश्वर' होतो. भाषेची खूण चुकली आहे का हे कानांनी ओळखायची ही सगळ्यात सोपी युक्ती.

डोळ्यांनीही फरक दिसतो. फॉन्टमध्ये मराठी रूपं दिलेली असतील, तर 'एमआर' सांगितल्यावर पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. न सांगितल्यास हिंदी वळणाचा. पानात एखादा परिच्छेद इंग्रजीत असेल तर तेवढ्यालाच वेगळी खूण द्या. 'मोबाइल', 'पासवर्ड' असे देवनागरीत लिहिलेले शब्द मराठीच समजा.

अक्षर

इंग्रजीसाठी ठरवलेला १६ पिक्सेलचा आकार देवनागरीला अनेक फॉन्टांत लहान पडतो. मूळ आकार १.१२५ रेम, म्हणजे ब्राउझरमधल्या मूळ अक्षराच्या १.१२५ पट, नेहमीच्या सेटिंगवर १८ पिक्सेल, ठेवा. आकार पिक्सेलमध्ये बांधू नका. ब्राउझरमध्ये अक्षर मोठं करून ठेवणाऱ्या आजोबांची सेटिंग त्याने निकामी होते. ओळीची उंची १.६ ते १.८. याचं कारण 'मूर्तींना' हा शब्द लिहून बघा: वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, खाली ऊकार. बटणाला ४० पिक्सेल अशी पक्की उंची देऊन बाहेरचा भाग लपवला असेल तर अक्षर मोठं केल्यावर 'सुरू करा'मधले उकार कापले जातात. पक्की उंची काढा, वरखाली पॅडिंग द्या.

अक्षरांमधलं अंतर शून्य. इंग्रजी साच्यांत शीर्षकांना लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिरपं अक्षर बंद करा, ते आपल्या लिपीचं नाहीच. जोर द्यायचा तर ठळक. पण ठळक वजनाची फाइलही पुरवा. ती नसेल तर ब्राउझर साध्या अक्षरालाच जाड करतो आणि 'क्ष', 'ष्ट' यांच्या पोकळ्या बुजतात. लिंकखालची रेघ उकारांतून जाते, तेव्हा अंडरलाइन-ऑफसेट साधारण ०.२ एम ठेवा. रेघ काढून टाकणं हा उपाय नव्हे, कारण मग लिंक फक्त रंगावरून ओळखावी लागते.

फॉन्टची फाइल छोटी करण्याच्या नादात आणखी एक घोळ होतो. युनिकोड-रेंजमध्ये, म्हणजे फॉन्ट कोणत्या संकेतांकांना लावायचा ते सांगणाऱ्या ओळीत, देवनागरीचे ०९०० ते ०९७एफ एवढेच लिहिले जातात आणि २००सी व २००डी ही दोन न दिसणारी जोडचिन्हं बाहेर राहतात. मग शब्दाच्या मधेच फॉन्ट बदलू शकतो आणि 'र्‍य' फुटतो. ही दोन चिन्हं आणि रुपयाचं चिन्ह आठवणीने घाला. छाटणीत जोडाक्षरांची सारणी गेली असेल तर पाय मोडलेली अक्षरं दिसतील. 'वाङ्मय', 'उद्घाटन', 'शृंगार' लिहून खात्री करा.

रकाने: खरी पडझड इथे होते

प्रत्येक रकान्याला कायम दिसणारं लेबल हवं आणि ते 'फॉर' व 'आयडी'ने रकान्याशी बांधलेलं हवं. रकान्यातला फिकट नमुना-मजकूर म्हणजे लेबल नव्हे: पहिलं अक्षर टंकताच तो जातो, आणि चार रकाने भरून झाल्यावर कुठे काय लिहिलं ते आठवत नाही.

नाव एकाच रकान्यात घ्या, 'पूर्ण नाव'. पहिलं, मधलं, आडनाव असे तीन सक्तीचे रकाने केले की मधलं नाव न लावणारे, एकच नाव वापरणारे आणि आडनाव आधी लिहिणारे सगळेच अडखळतात. नाव तपासायची नियमावली तर बहुतेक ठिकाणी चुकीचीच असते. 'ए ते झेड' एवढंच चालवणारी तपासणी मराठी नाव थेट नाकारते. ती सुधारताना युनिकोडचा 'एल' म्हणजे अक्षरांचा वर्ग घालतात आणि तरी 'सीता' अडते, कारण वेलांटी आणि काना 'एम' वर्गात येतात. दोन्ही वर्ग, शिवाय वरची दोन जोडचिन्हं, रिकामी जागा, टिंब आणि संयोगचिन्ह, एवढं तरी चालू द्या. खरं तर नावाची तपासणी न करणंच शहाणपणाचं. रिकामं नाही ना, एवढं पाहिलं की पुरे.

जोडचिन्हांची गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. काही सर्व्हर आलेल्या मजकुरातून 'अदृश्य चिन्हं' झाडून काढतात. 'आचार्‍याला' हा शब्द र, हलन्त, २००डी आणि य असा टंकलेला असेल, तर झाडणीनंतर 'आचार्याला' उरतो आणि स्वयंपाक्याला द्यायचा मोबदला गुरुजींच्या नावावर चढतो. ही झाडणी बंद करा. याच 'ऱ्य'चं दुसरं रूप नुक्तायुक्त ऱ, म्हणजे ०९३१, वापरून होतं. पडद्यावर दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. एनएफसी या युनिकोडच्या पद्धतीने सारखं करून घेतलं तरी ती एक होत नाहीत. साइटवर शोधाची सोय असेल तर शोधण्यापूर्वी एक रूप दुसऱ्यात बदलून घ्या, नाहीतर 'गोऱ्हे' शोधणाऱ्याला 'गोर्‍हे' सापडणार नाहीत.

लांबीची मर्यादाही तपासा. 'ज्ञानेश्वर' वाचताना चार अक्षरं, पण ब्राउझरचं मॅक्सलेंग्थ मोजतं दहा, आणि बाइट मोजणाऱ्या जुन्या यंत्रणेत तीस. इंग्रजी नावासाठी ठेवलेली २० ची मर्यादा मराठीत पूर्ण नावाला कुठून पुरणार? ती १०० च्या वर न्या. 'इतकी अक्षरं उरली' असं दाखवायचंच असेल तर जावास्क्रिप्टमधलं इंटल-सेगमेंटर वापरा, ते वाचकाला दिसतात तशी अक्षरं मोजतं.

आता आकडे. मराठी कीबोर्ड लावलेल्या फोनवर माणूस पिनकोड '४११०३०' असा लिहितो, आणि जावास्क्रिप्टमधली अंकांची नेहमीची तपासणी फक्त इंग्रजी अंक ओळखते. निकाल: 'अवैध'. रकान्याचा प्रकार 'नंबर' ठेवूनही काम होत नाही. तो संख्येसाठी आहे, पिनकोडसाठी नाही. त्यात माउसचं चाक फिरलं की आकडा बदलू शकतो. प्रकार 'टेक्स्ट' ठेवा, इनपुटमोड 'न्यूमेरिक' द्या म्हणजे फोनवर आकड्यांचाच कीबोर्ड उघडतो, आणि ० ते ९ हे देवनागरी अंक आपल्या बाजूने बदलून घ्या. चार ओळींचं काम आहे, ते अर्जदाराच्या गळ्यात मारू नका.

जन्मतारखेसाठी ब्राउझरचा तारीख-निवडक नको. सत्तर वर्षं मागे जायला त्रास होतोच, शिवाय त्याचा क्रम पानाच्या नव्हे, ब्राउझरच्या भाषेप्रमाणे लागतो. अमेरिकी इंग्रजी असेल तर महिना आधी. तीन साधे रकाने करा, दिवस, महिना, वर्ष, आणि त्यांना फील्डसेटमध्ये घालून 'जन्मतारीख' हे लेजंड द्या. लेजंड नसेल तर स्क्रीन रीडर नुसतं 'दिवस' म्हणतो. कशाचा दिवस?

जिल्ह्यासाठी छत्तीस नावांची साधी सिलेक्ट यादी पुरते. मात्र क्रम मराठी कोलेटरने, म्हणजे मराठी वर्णक्रम जाणणाऱ्या साधनाने, लावा, संकेतांकांवरून लावला तर ळ, क्ष भलतीकडे जातात. नावं बदललेल्या जिल्ह्यांसमोर 'धाराशिव, पूर्वीचे उस्मानाबाद' असं लिहा. आणि निवड बदलताच पान आपोआप पुढे नेऊ नका. कीबोर्डने खाली सरकणारा माणूस पहिल्याच नावावर अडकतो.

ओटीपीसाठी सहा सुटी खोकी करण्याची फॅशन सोडा. एकच रकाना, ऑटोकम्प्लीट 'वन-टाइम-कोड', आणि पेस्ट करायला मोकळीक. मुदत संपत असेल तर आधी सांगा आणि वाढवून घ्यायला निदान वीस सेकंद द्या. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा काढून टाका. ओटीपी घेतल्यावर त्याची गरजही उरत नाही.

चूक झाली तर

ब्राउझरचे स्वतःचे चुकीचे संदेश ब्राउझरच्या भाषेत येतात, म्हणून मराठी पानावर अचानक इंग्रजी फुगा उगवतो. फॉर्मवर 'नोव्हॅलिडेट' लावा आणि संदेश स्वतः लिहा. 'अवैध इनपुट' हे कुणालाच काही सांगत नाही. 'पिनकोड सहा अंकी हवा, तुम्ही पाच अंक लिहिले आहेत' असं लिहा. 'एरिया' म्हणजे स्क्रीन रीडरला जादा माहिती देणारी ॲट्रिब्यूट्स: संदेश रकान्याजवळ ठेवून एरिया-डिस्क्राइबडबायने जोडा, रकान्यावर एरिया-इनव्हॅलिड 'ट्रू' करा. चुका एकाहून जास्त असतील तर वर त्यांची यादी द्या, प्रत्येक ओळ त्या रकान्यावर नेणारी लिंक असू द्या आणि फोकस, म्हणजे कीबोर्ड सध्या जिथे आहे ती जागा, त्या यादीवर न्या. भरलेलं काहीही पुसू नका.

एरियाचा वापर साधारण इथवरच पुरे. बटण हवं तर बटणाचाच टॅग, उघडझाप हवी तर डिटेल्स आणि समरी, वरती खिडकी उघडायची तर डायलॉग. डिव्हला बटणाचं सोंग देऊन त्यावर एरिया चढवणं म्हणजे दुप्पट मेहनत आणि तरी एंटर दाबल्यावर काही होत नाही.

रंग आणि कीबोर्ड

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतल्या तफावतीचा दर साध्या मजकुराला ४.५ ला १, मोठ्या मजकुराला ३ ला १ एवढा तरी हवा. आपल्याकडचा ठरलेला गुन्हेगार म्हणजे केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं: एफएफ९९३३ या केशरीवर पांढऱ्याचा दर जेमतेम २.१ ला १ भरतो. त्याच केशरीवर काळी अक्षरं टाकली तर ९ च्या पुढे जातो. केशरी राहू द्या, अक्षरं काळी करा.

फोकसभोवतीची आउटलाइन काढून टाकणारी ओळ सीएसएसमध्ये दिसली की खोडा. फोकस-व्हिजिबलवर ३ पिक्सेलची ठसठशीत कड द्या. वर चिकटून राहणारा हेडर असेल तर स्क्रोल-पॅडिंग-टॉप त्याच्या उंचीएवढं, नाहीतर फोकस असलेला रकाना त्याखाली दडतो. दाबायची जागा कमीत कमी २४ गुणिले २४ पिक्सेल. फोनवर ४४ बरी. आणि 'अंतिम तारीख' सांगणारी धावती पट्टी! पाच सेकंदांहून जास्त हलणारी गोष्ट थांबवता आली पाहिजे. ती तारीख अर्जाच्या वर स्थिर लिहिली की प्रश्नच मिटतो.

तपासणी

लाइटहाउस किंवा ॲक्स ही आपोआप तपासणारी साधनं चालवा, पण हिरवा आकडा बघून थांबू नका. लेबल आहे की नाही हे ती सांगतात, लेबलावर 'नाव' ऐवजी 'नाम' लिहिलंय हे सांगत नाहीत. माउस बाजूला ठेवून टॅब, शिफ्ट-टॅब, स्पेस आणि एंटर एवढ्यावर अर्ज पाठवून बघा. मग १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत ४०० टक्के झूम करा. आडवं सरकावं लागता कामा नये.

विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि त्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक या आवाज-यंत्रणेत मराठी आवाज आहे. आवाज यांत्रिक आहे, कान सरावायला थोडा वेळ जातो. 'एच' दाबून शीर्षकं, 'एफ' दाबून रकाने फिरा. पडदा बंद करून नुसत्या 'एफ'वर अर्जाचा क्रम कळतो का बघा. अँड्रॉइडवर टॉकबॅक हा तिथला स्क्रीन रीडर लावून तेच परत करा. शेवटी हा अर्ज मराठी कीबोर्डवरून भरा: नाव 'ज्ञानेश्वर गोऱ्हे', पिनकोड देवनागरी अंकांत, जन्मतारखेत मुद्दाम ३१ फेब्रुवारी. सर्व्हरवर नाव कसं उतरलं ते डेटाबेसमध्ये उघडून बघा, पडद्यावरच्या पावतीवर विसंबू नका.