कोंबडा की कोंबडी? पिल्लं ओळखताना या चुका टाळा

पिल्लू अंड्यातून बाहेर येऊन दोन दिवस होत नाहीत तोच विचारणा सुरू होते, "नर आहे की मादी?" बहुतेक जातींत त्या वयात नुसतं बघून हे सांगता येत नाही. छातीठोकपणे सांगणारे अंदाजपंचे सांगतात आणि निम्म्या वेळा बरोबर ठरतात, म्हणून त्यांचं फावतं.

अंड्याच्या टोकदारपणावरून ओळखणं आणि पिल्लू उलटं टांगून बघणं, दोन्ही सोडा. भांडकुदळ पिल्लू नरच असतं असंही नाही. मागची बाजू दाबून आत बघण्याचं तंत्र खरं आहे, जपानी जाणकारांनी ते बसवलं. पण हात तयार नसताना केलंत तर पिल्लू दगावतं.

मोठा घोळ पंखावरून होतो. पंख पसरायचा, लांब-आखूड पिसं दिसली की मादी, सारखी दिसली की नर. ही खूण चालते ती फक्त ठरावीक संकरात, जिथे आई सावकाश पिसं फुटणारी आणि बाप लवकर फुटणारा असतो. सावकाशपणाचा प्रबळ जनुक आईच्या एकमेव झेड गुणसूत्रावर (पक्ष्यांत नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रांपैकी एक) असतो आणि ते फक्त नर पिल्लांना मिळतं, म्हणून त्यांची पिसं मागे राहतात. आईबाप कोणते हे माहीत नसेल तर पंख पसरण्यात अर्थ नाही. माहीत असलं तरी पहिल्या एक-दोन दिवसांतच बघायचं, नंतर फरक पुसट होतो.

दुसरी चूक म्हणजे वेगवेगळ्या जातींच्या तुऱ्यांची आपसात तुलना. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी लेगहॉर्न आणि ब्रह्मा एकत्र वाढवली. दीड महिन्यातच तुरा मोठा दिसतो म्हणून काही लेगहॉर्न त्यांनी कोंबडे समजून देऊन टाकली. मी गेलो तेव्हा उरलेल्यांत जाड पायांचा एक ब्रह्मा होता. त्याच्या बुटक्या तुऱ्याच्या तीन ओळींपैकी मधली रुंद होऊन लाल झाली होती. "हा कोंबडा आहे," म्हटलं तर त्यांना पटेना, तुरा केवढासा! काही आठवड्यांनी तो आरवला. आणि देऊन टाकलेले 'कोंबडे' दुसऱ्याच्या खुराड्यात पांढरी अंडी घालू लागले. लेगहॉर्नच्या मादीचाही तुरा मोठाच असतो. तुलना करायची ती एकाच जातीच्या, एकाच वयाच्या पिल्लांत, आणि आकाराआधी लाली बघायची.

मी तीन महिन्यांच्या आत कुणालाही निकाल देत नाही. प्रत्येकाच्या पायात रंगीत कडी घालतो, तुऱ्याची नोंद ठेवतो आणि मग शेपटीच्या मुळाशी पाठीवरची पिसं बोटाने विलग करून बघतो. नराची अरुंद, टोकदार आणि चकचकीत असतात, मादीची टोकाला गोल. घाई झालेल्यांना एवढं थांबवत नाही, पण इतकी भरवशाची दुसरी खूण मला सापडलेली नाही. अपवाद सेब्राइट या जातीचा: तिथे नराचीही पिसं मादीसारखी गोल असतात, त्यामुळे तुरा आणि आरवणं यांवरच विसंबावं लागतं.