कर्नलच्या लॉगमध्ये पत्ता छापण्याआधी

बाणेरच्या आमच्या ऑफिसात नवीन मुलं आली की पंधरा दिवसांच्या आत हा प्रश्न येतोच. गेल्या गुरुवारी पुन्हा आला. नेटवर्क ड्रायव्हरवर काम करणारा एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, पॉइंटर करप्ट होतोय. डीबगरमध्ये एक पत्ता दिसतो आणि लॉगमध्ये भलताच." लॉगमध्ये आधी आठ शून्यं होती आणि पुढे आठ अक्षरी काहीतरी. त्यापायी त्याची अख्खी दुपार गेली होती. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता साठवणारं व्हेरिएबल, धडधाकट होता. त्याला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, खरा पत्ता दाखवतच नव्हता, आणि ते योग्यच होतं.

म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते. फॉरमॅटची (काय आणि कसं छापायचं ते सांगणाऱ्या खुणांची) नावं आपण बोलतो तशी लिहिते आहे: '%पी' म्हणजे टक्क्याचं चिन्ह आणि पुढे छोटं पी. अक्षर कॅपिटल हवं असेल तिथे तसं सांगेन, कारण छोट्या-मोठ्या अक्षराने अर्थ बदलतो.

२०१८ च्या जानेवारीत लिनक्स ४.१५ आलं. तेव्हापासून प्रिंटके या लॉगमध्ये ओळ छापणाऱ्या फंक्शनमध्ये '%पी' लिहिलं की पत्त्याचा हॅश, म्हणजे पत्त्यापासून काढलेला पण पत्ता न सांगणारा आकडा, छापला जातो. मशीन सुरू होताना कर्नल एक गुप्त किल्ली तयार करतो आणि सिपहॅश ही हॅशची पद्धत वापरून पत्ता त्या किल्लीतून काढतो. ६४ बिटच्या मशीनवर वरचे ३२ बिट शून्य करतो आणि उरलेलं छापतो. बूट होताना पुरेशी रँडमनेस जमलेली नसेल, तर हॅशऐवजी कंसात 'पीटीआरव्हॅल' असा मजकूर दिसतो. तोही बग नव्हे.

या हॅशमधून काय कळतं आणि काय नाही, ते पक्कं डोक्यात ठेवा. एकाच बूटमध्ये एका पॉइंटरचा हॅश तोच राहतो. म्हणजे 'वर अॅलोकेट झालेला बफर आणि खाली फ्री झालेला बफर एकच का' याचं उत्तर '%पी' देतं. पण दोन हॅशची वजाबाकी करून अंतर मिळत नाही, लहानमोठेपणा कळत नाही, आणि रीबूटनंतर सगळे हॅश बदलतात. कालच्या लॉगमधला आकडा आजच्या लॉगमध्ये शोधत बसू नका. हेक्सडंप काढताना (मेमरीतले बाइट ओळीओळीने छापताना) हे फार नडतं. प्रिंट-हेक्स-डंपला प्रत्येक ओळीआधी पत्ता छापायला सांगितलंत, तर प्रत्येक ओळीला एकमेकांशी काहीही संबंध नसलेला हॅश येतो. तिथे प्रीफिक्स म्हणून ऑफसेट मागा. बफरच्या सुरुवातीपासून कितवा बाइट, हेच तुम्हाला बघायचं असतं.

आता लपवायचं कशाला, हे माझ्याच चुकीवरून सांगते. २०१६ मध्ये मी एका स्टोरेज कार्डचा ड्रायव्हर लिहीत होते. डीबगिंगला सोयीचं म्हणून प्रॉक या कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरखाली एक फाइल ठेवली. तिच्यात प्रत्येक रिक्वेस्टचा पत्ता आणि तिच्या कॉलबॅकचा, म्हणजे काम झाल्यावर बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनचा, पत्ता यायचा. परवानगी ०४४४, म्हणजे मशीनवरचा कोणीही वाचू शकेल. तेव्हा '%पी' खरा पत्ताच छापायचं. ग्राहकाकडच्या सुरक्षा तपासणाऱ्याने साध्या युजरच्या खात्यातून ती फाइल वाचली, आमच्या मॉड्यूलचा आणि कर्नलमधल्या एका फंक्शनचा पत्ता उचलला, आणि कर्नल मेमरीत नेमका कुठे बसलाय ते आम्हाला मेलने कळवलं. त्या मेलमध्ये रागाचा एक शब्द नव्हता, फक्त आकडे होते. मला ती रात्र झोप लागली नाही.

त्याने केलं काय, तर एक वजाबाकी. केएएसएलआर (कर्नलची मेमरीतली जागा रँडम करणारी सोय) चालू असेल तर प्रत्येक बूटला कर्नल वेगळ्या जागी बसतो. पण सरकतो तो अख्खा. आतल्या फंक्शनांमधली अंतरं तीच राहतात. एक फंक्शन कुठे आहे ते कळलं, की त्या बिल्डच्या सिस्टिम मॅपमधून, म्हणजे पत्त्यांच्या यादीतून, बाकी सगळी फंक्शनं कळतात. नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर कर्नलचा कोड १ जीबीच्या पट्ट्यात २ एमबीच्या टप्प्यांवरच बसू शकतो. म्हणजे जागा साधारण ५१२. हल्लेखोराला फंक्शनं सापडू नयेत म्हणून असलेलं हे संरक्षण मुळातच एवढं पातळ आहे, त्यात लॉगच्या एका ओळीने ते पूर्ण जातं. केएएसएलआर लिनक्स ३.१४ मध्ये, २०१४ साली आलं आणि ४.१२ पासून या मशीनवर डीफॉल्टने चालू झालं. आज तुमच्या ग्राहकाकडे ते असणारच, असं धरून चाला.

तर पद्धत अशी. छापायच्या ओळीवर थांबा आणि मला नेमकं काय जाणून घ्यायचंय ते कागदावर मराठीत लिहा. मी मुलांना खरोखर लिहायला लावते. 'पत्ता' असं उत्तर क्वचितच येतं.

'कोणतं फंक्शन चाललंय' असं आलं, तर नाव छापा. '%पीएस', त्यातला एस कॅपिटल, हे फंक्शनचं नाव, त्यातला ऑफसेट आणि फंक्शनची एकूण लांबी देतं. एस छोटा केला तर फक्त नाव. पेठेतला माणूस घर सांगताना सर्व्हे नंबर सांगत नाही, पत्र्या मारुतीपासून पुढे तिसरा वाडा म्हणतो. हे तसंच आहे. कर्नल कुठेही सरकला तरी नाव आणि ऑफसेट खरेच राहतात. ते 'फॅडर-टू-लाइन' या कर्नलच्याच स्क्रिप्टला डीबग माहिती असलेल्या व्हीएमलिनक्ससोबत (कर्नलच्या मूळ बायनरीसोबत) दिलं की सोर्समधली नेमकी ओळ हातात येते. खऱ्या पत्त्याने याहून जास्त काही मिळालं नसतं.

इथे एक खड्डा आहे, आणि अनुभवी लोकही त्यात पडतात. कॅपिटल एसवालं '%पीएस' फंक्शनच्या पॉइंटरसाठी आहे. त्याला के-मॅलॉकमधून (कर्नलच्या मेमरी मागण्याच्या फंक्शनमधून) आलेला डेटाचा पॉइंटर दिलात, तर त्या पत्त्याला नाव सापडत नाही, आणि मग ते सरळ खरा पत्ता छापून मोकळं होतं. कर्नल बांधताना कॉलसिम्स (कर्नलमधली फंक्शनांच्या नावांची यादी) बंद असतील तर फंक्शनच्या बाबतीतही तेच होतं. म्हणून '%पीएस' दिसलं की हा पॉइंटर कोडचाच आहे का, ते रिव्ह्यू करताना मी प्रत्येक वेळी विचारते.

'कोणता बफर' असं उत्तर आलं, तर बफरला नंबर द्या. रिंगमधला (गोल फिरत वापरल्या जाणाऱ्या रांगेतला) असेल तर इंडेक्स आधीच आहे, ब्लॉक रिक्वेस्टला टॅग आहे, काहीच नसेल तर आयडीए ही कर्नलची नंबर वाटायची सोय वापरून एक आयडी देता येतो. माणसाला 'रिंग २, डिस्क्रिप्टर १७' (रिंगमधली १७ क्रमांकाची नोंद) वाचून जे कळतं ते हॅश वाचून कधीच कळणार नाही. 'पॉइंटरमध्ये एरर आलाय का' असा प्रश्न असेल, तर छोट्या ई-चं '%पीई' एररचं नाव सांगतं.

'%पीके', के कॅपिटल, याच्याबद्दल गैरसमज फार आहेत. ते केपीटीआर-रिस्ट्रिक्ट या सेटिंगप्रमाणे वागतं. सेटिंग ० असेल तर '%पी'सारखाच हॅश. १ असेल तर कॅप-सिसलॉग अधिकार असलेल्याला खरा पत्ता, बाकीच्यांना शून्यं. २ असेल तर सगळ्यांनाच शून्यं. हे ऐकायला सुरक्षित वाटतं, पण अधिकार तपासला जातो तो त्या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसचा. युजरने प्रॉकमधली फाइल वाचायला घेतली, तर वाचणारा तोच असतो, त्यामुळे तपासणीला अर्थ आहे. प्रिंटकेमध्ये मात्र ओळ लिहिली जाते एका प्रोसेसच्या वेळी आणि डीमेसेजमधून (लॉग दाखवणाऱ्या कमांडमधून) ती वाचतो भलताच कोणी. रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या युजरच्या) प्रोसेसमध्ये छापलेला खरा पत्ता मग लॉगमध्ये उघडा पडून राहतो. प्रिंटकेमध्ये '%पीके' वापरू नका, एवढं पुरे.

भौतिक पत्त्यांचंही थोडक्यात: '%पीए'ला व्हेरिएबल नाही, त्याचा पत्ता द्यायचा असतो, आणि ते हॅश करत नाही. रजिस्टर कुठे मॅप झाली ते छापायची सवय असेल, तर ती डीबग पातळीवर ठेवा.

आणि खरा पत्ता हवाच असेल तर? स्वतःच्या टेबलावरच्या मशीनवर, किंवा त्याहून बरं म्हणजे क्यूएमूमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीनमध्ये), बूट ओळीत 'नो_हॅश_पॉइंटर्स' द्या. ही सोय ५.१२ पासून आहे. कोड न बदलता सगळे '%पी' खरे पत्ते छापू लागतात, आणि कर्नल लॉगमध्ये मोठी चौकट काढून त्याचा इशाराही देतो. काम झालं की तो शब्द काढला, विषय संपला. पॅचमध्ये काहीच उरत नाही. त्या मुलाचा डीबगरशी मेळ बसत नव्हता, तो यानेच बसला.

'%पीएक्स' नेहमीच खरा पत्ता छापतं. माझ्या टीममध्ये ते मर्ज होत नाही. बाहेर कुठे टाकायचंच असेल, तर पत्ता का लागतो आणि वाचणार कोण, हे कोडच्या कॉमेंटमध्ये आणि कमिट मेसेजमध्ये दोन्हीकडे लिहा, आणि ती फाइल फक्त रूटला वाचता येईल अशी ठेवा. चेकपॅच ही पॅच तपासणारी स्क्रिप्ट त्यावर इशारा देईलच. पण इशारा टाळायला म्हणून पॉइंटर अनसाइन्ड लाँगमध्ये कास्ट करून '%एलएक्स'ने छापणं, याचा मला मनापासून त्रास होतो. परिणाम तोच होतो, फक्त शोधणाऱ्याला सापडत नाही. '%पीएक्स' निदान ग्रेपने कोडमध्ये शोधताना लगेच दिसतं.

पाठवण्याआधी एक तपासणी करा. साध्या युजरने लॉगिन करून कर्नलच्या स्क्रिप्ट्समधली 'लीकिंग अॅड्रेसेस' ही पर्ल स्क्रिप्ट चालवा. ती डीमेसेज, प्रॉक आणि सिस (प्रॉकसारखाच फोल्डर) यांमधून पत्त्यासारखं दिसणारं सगळं शोधते. त्या मशीनवर केएएसएलआर चालू असू द्या, आणि तुमचा ड्रायव्हर नुसता लोड करून थांबू नका. केबल काढा, एररच्या वाटा चालवा. गळती बहुतेक वेळा एररच्या ओळींमध्येच असते, कारण त्या घाईत लिहिलेल्या असतात.

त्या मुलाची ओळ आम्ही शुक्रवारी सकाळी चहा घेता घेता बदलली. पॉइंटर काढला, रिंगचा नंबर, डिस्क्रिप्टरचा इंडेक्स आणि कॉलबॅकचं नाव घातलं. रिंगमध्ये २५६ डिस्क्रिप्टर होते, म्हणजे शेवटचा इंडेक्स २५५. दहा मिनिटांत लॉगमध्ये २५६ आला. पॉइंटर कधीच करप्ट झाला नव्हता; वळसा घेताना '>=' हवं तिथे '>' लिहिलं गेलं होतं.