वडिलांच्या जागी आत्या

पदवीच्या शेवटच्या वर्षी आम्ही बेळगावच्या वडगाव भागातील एका विणकर घरावर 15 मिनिटांचा लघुपट करत होतो. हातमाग मोडून घर विकायला निघालेल्या मुलाला अडवणारे वडील हे त्यातले मुख्य पात्र होते. पहिल्या दिवसाचे चित्रीकरण झाले आणि वडिलांची भूमिका करणारे खानापूर तालुक्यातील काका भाताच्या सुगीसाठी गावी गेले. चूक त्यांची नव्हती. नोव्हेंबरच्या तारखा ठरवताना आम्ही फक्त परीक्षा पाहिल्या होत्या, भातकापणी पाहिली नव्हती. या भागात हौशी कलाकारांबरोबर काम करणाऱ्याने आधी सुगीचे दिवस विचारावेत.

त्या वयाचा दुसरा पुरुष मिळेना, म्हणून दोन वाक्यांच्या भूमिकेसाठी आलेल्या साठीतल्या एका बाईंना आम्ही मुख्य भूमिका दिली आणि वडिलांच्या पात्राची आत्या केली. रात्रीत संहितेतले ‘सांगतो’ खोडून ‘सांगते’ केले. सकाळच्या वाचनात प्रसंग उभाच राहिला नाही, कारण वडील घराचे मालक म्हणून हुकूम देत होते आणि भावाच्या घरी आयुष्य काढलेल्या विधवा बहिणीला या कथेत तो अधिकार नव्हता. नवख्यांनी इथेच थांबून विचार करावा: या माणसाच्या हातात नेमके काय आहे? आमच्या आत्याच्या हातात कांड्या, म्हणजे विणण्यासाठी सूत गुंडाळलेल्या नळ्या, होत्या. विणणारे वडील गेले, तेव्हा रात्रभर कांड्या भरणारी आत्या आली आणि ‘घर विकायचं नाही’ या वाक्याच्या जागी ‘मागावर अर्धी साडी हाय, ती उतरू दे’ हे वाक्य आले. विरोध तोच राहिला, पण त्याला आता मुदत मागण्याचे रूप आले आणि तो मला मूळ संहितेपेक्षा खरा वाटतो.

क्रियापदांचा धडा आम्हाला बाईंनी दिला. त्या घरी बोलताना सहज ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणत, म्हणून आमची व्याकरणशुद्ध दुरुस्ती आम्ही मागे घेतली.

आधी टिपलेले मुलाचे क्लोजअप वाचवणे मात्र कठीण गेले. उंच वडिलांकडे पाहताना त्याची नजर वर होती, तर बाई ठेंगण्या होत्या, तेव्हा त्यांना जोत्यावर आणि मुलाला खाली अंगणात उभे करून उरलेला प्रसंग घेतला. काकांचे चित्रीकरण बाईंना दाखवण्याचा मोह आम्ही टाळला, कारण त्यामुळे नक्कल सुरू होते.

काकांचा एकच शॉट आम्ही ठेवला. मागावर पाठमोरे बसलेले वडील आता आत्याला आठवणारा दिवंगत भाऊ झाले होते. जिवंत माणसाला मृत दाखवायचे म्हणून मी आधी त्यांच्या गावी जाऊन परवानगी मागितली. खळ्यावर मळणी चालू होती, तिथेच त्यांनी ती दिली.