चादरीचा रंग गेला, व्हिडिओ फिरला: पहिल्या दिवसात काय करायचं

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली की बाहेरगावचं गिऱ्हाईक सोलापुरात येतं, दोन-चार चादरी घेऊन जातं. पुढच्या आठवड्यात कुणीतरी बादलीतलं लाल पाणी मोबाइलवर दाखवतं, "ही बघा तुमची सोलापुरी चादर!" पूर्वी अशी तक्रार दुकानाच्या पायरीवर यायची आणि तिथंच मिटायची. आता ती आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गावभर फिरते आणि दुकानदाराला सगळ्यात शेवटी कळते. बातमीदाराला विषय प्रेसनोटमधून मिळायचे दिवसही मागे पडले, तोही त्याच ग्रुपमध्ये असतो. संध्याकाळी त्याचा फोन येईल तेव्हा तुमच्या हातात काय आहे, यावर दुसऱ्या दिवशीची बातमी ठरते.

उत्तर लिहिण्याआधी पुरावा जपा. मूळ पोस्टची लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि व्हिडिओचं स्क्रीन रेकॉर्डिंग, एवढं लगेच करून ठेवा. मूळ पोस्ट उडते आणि काटछाट केलेली प्रत फिरत राहते, हे नेहमीचंच. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजला दोन बाणांची खूण असेल तर तो निदान पाच हातांतून आलेला आहे. ज्याने तुम्हाला पाठवला त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

मग माल आपलाच आहे का ते बघा. लेबल, काठ, बिल. व्हिडिओतलं एक चित्र थांबवून गूगल लेन्सवर टाकलं तर जुनाच व्हिडिओ नव्याने फिरतोय का, तेही कळतं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना जीआय मानांकन (हे नाव सोलापूरच्या मालाचंच, अशी सरकारी नोंद) आहे, तरी बाहेरचा माल याच नावाने सर्रास विकला जातो. म्हणून "ती आमची नाहीच" असं म्हणायचा मोह होतो. बिल बघितल्याशिवाय ते वाक्य तोंडातून काढू नका. दुपारी गिऱ्हाइकाने बिलाचा फोटो टाकला की रंगाचा विषय बाजूला राहतो आणि तुम्ही खोटे ठरता.

माल आपला असेल तर त्याच लॉटमधली, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालातली, चादर काढून तपासा. पांढरं सुती फडकं ओलं करून गडद भागावर दहा वेळा घासा. मरून, काळा अशा गडद रंगांत वरवरचा थोडा रंग पहिल्या एक-दोन धुण्यांत सुटतो. गार पाण्यात, वेगळी आणि न भिजवता धुतली तर तो तिथंच संपतो. तिसऱ्या-चौथ्या धुण्यालाही पाणी लाल होत असेल तर रंग धाग्यात नीट बसलेला नाही. तो डाईंगचा, म्हणजे रंगवण्याचा दोष आहे, गिऱ्हाइकाच्या धुण्याचा नाही. तसं मान्य करून लॉट थांबवायचा.

"टॉवेल पातळ निघाला" ही तक्रार तर काट्यावरच सुटते. 75 बाय 150 सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे 1.125 चौरस मीटर. कोरड्या टॉवेलचं वजन 450 ग्रॅम भरलं तर जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) 400. लेबल, टेप आणि काटा एकाच शॉटमध्ये, मध्ये कट न घेता दाखवा. मात्र पावसाळी दमट हवेत सुती टॉवेल ओल धरतो आणि वजन थोडं जास्त दाखवतो. तेवढ्यावर छाती फुगवू नका.

उत्तर त्याच पोस्टखाली, तीन ओळींत:

"नमस्कार ताई, व्हिडिओ बघितला. त्याच लॉटमधली चादर आम्ही तपासतोय, संध्याकाळी सहापर्यंत इथंच कळवतो. बिलाचा फोटो कृपया मेसेजमध्ये पाठवा."

आणि सहाला खरोखर कळवा, तपासणी अर्धवट असली तरी. गिऱ्हाइकाचा नंबर किंवा पत्ता असलेलं बिल चारचौघांत टाकू नका. तपासणीचा व्हिडिओ उभा, अर्ध्या मिनिटाचा, खाली अक्षरं असलेला करा. आपलं बरंच गिऱ्हाईक तेलुगू-कन्नड बोलतं. त्या भाषांत कारखान्यातल्याच माणसाला बोलू द्या, मशीनचा अनुवाद लगेच ओळखू येतो. इन्स्टाग्रामवर कॅप्शन नंतर दुरुस्त होतं, व्हिडिओ होत नाही, तेव्हा आकडे आधी दोघांनी तपासा. व्यापाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्टने (यादीतल्या सगळ्यांना एकदम जाणारा मेसेज) कळवणार असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. मोठ्या व्यापाऱ्यांना सरळ फोन लावा.

बातमीदाराला पान लागण्याआधी, म्हणजे छापायचं पान पक्कं होण्याआधी, एकच मेसेज पाठवा: काय झालं, कुठला लॉट, काय केलं, बोलणारा माणूस कोण. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छापायला अस्पष्ट येतात. "जाहिरात देतो, बातमी थांबवा" हे तर चुकूनही लिहू नका. त्या चॅटचा स्क्रीनशॉट मूळ व्हिडिओपेक्षा जास्त फिरतो. बातमीदारांचंही काम इथं वाढलंय: व्हिडिओ टाकणाऱ्याशी प्रत्यक्ष बोलणं, मूळ फाइल मागणं, दुकानदाराची बाजू घेणं. "व्हायरल व्हिडिओनुसार" एवढं लिहून जबाबदारी सुटत नाही.

घाईत वकिलाची नोटीस धाडली की दुसरी बातमी होते. पुतण्या-भाच्यांकडून पाच तारे टाकून घेणंही लगेच कळतं, सगळे एकाच दिवशी एकसारखंच लिहितात. पैसे देऊन रील करून घेतलं तर त्यावर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. व्हिडिओ ठरवून खोटा केलेला असेल तर मात्र तो ज्या अ‍ॅपवर टाकलाय त्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पुराव्यासह लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

चादर बदलून दिल्यावर पोस्ट काढायचा आग्रह धरू नका. त्याखाली "बदलून मिळाली" एवढी ओळ गिऱ्हाइकाकडून मागा. नाव शोधणाऱ्याला सहा महिन्यांनीही तीच पोस्ट वर दिसणार असते.