गिऱ्हाईक बोलतं तोच शब्द धरा

माझ्या वडिलांचं लातूरला मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. मी आता बोअर आणि मोटारीची कामं करणाऱ्यांना फोन मिळवून देते. गिऱ्हाईकानं गूगलवर माझी जाहिरात पाहून फोन केला आणि बोलणं ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त चाललं, की त्या कॉलचे पैसे मला ठेकेदाराकडून, म्हणजे ते काम करणाऱ्याकडून मिळतात. लोकांनी कुठला शब्द शोधला की जाहिरात दिसावी, ते मी ठरवते. जाहिरातीचा खर्च माझा असतो. म्हणून शब्द चुकला की भुर्दंडही मलाच.

पहिल्या वेळी मी 'बोअरवेल' आणि 'विंधन विहीर' हे दोन शब्द धरले. फोन भरपूर आले. "ताई, अनुदानाचे फॉर्म कधी सुटणार?" 'विंधन विहीर' हा सरकारी कागदावरचा शब्द आहे, शेतात तो कुणाच्या तोंडी नसतो. तो टाइप करणारा बहुतेक योजनाच शोधत असतो. ज्याला बोअर पाडणारी गाडी बोलवायची आहे तो 'बोअर' म्हणतो, 'फुटाला काय भाव' म्हणतो. ठेकेदारानं त्या आठवड्याचे पैसे दिले नाहीत, आणि त्याचं बरोबरच होतं.

तेव्हापासून मी सुरुवात कॉम्प्युटरवर करत नाही. ज्याच्यासाठी काम घेतलं त्याच्या दुकानात एक दिवस बसते. येणारा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, तेवढंच वहीत जसंच्या तसं लिहिते. मोटार जळाली. मोटार भरून पाहिजे. पाणी उचलत नाही. स्टार्टर टिकत नाही. बोअरात मोटार गुतली. हे शेवटचं वाक्य ऐकलं की कान टवकारा. मोटार अडकलेला माणूस चार ठिकाणी भाव विचारत बसत नाही. उभं पीक वाळत असतं, त्याला आजच्या आज माणूस हवा असतो. 'मोटार अडकली', 'मोटार गुतली', 'बोअरमधली मोटार काढणारे' या शब्दांना शोध थोडे, पण फोन पक्के.

मग वहीतलं एकेक वाक्य मोबाइलवर गूगलमध्ये अर्धवट टाइप करा आणि खाली काय सुचवलं जातं ते उतरवा. देवनागरीत एकदा, इंग्रजी अक्षरांत एकदा. आपल्याकडचे बरेच जण मराठीच बोलतात पण टाइप इंग्रजी अक्षरांत करतात, 'मोटर'चं स्पेलिंगही मनाला येईल तसं. कीवर्ड प्लॅनर, म्हणजे कुठला शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते दाखवणारं गूगलचं साधन, त्यानंतर उघडा. तालुक्याच्या शब्दांपुढे तो 10 ते 100 असा ढोबळ आकडा दाखवेल किंवा काहीच दाखवणार नाही. म्हणून शब्द टाकून देऊ नका. निलंग्यातून महिन्याला पाच फोन आले आणि पाचही कामाचे निघाले, तर मला तेवढे पुरतात.

गावांच्या नावांवर वेळ घालवा. 2023 मध्ये नावं बदलली तरी लोक औरंगाबाद आणि संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव अशी दोन्ही टाइप करतात. दोन्ही ठेवा. अंबाजोगाई आणि अंबेजोगाई, दोन्ही ठेवा. जळकोट लातूर जिल्ह्यातला तालुका आहे आणि तुळजापूर तालुक्यात जळकोट नावाचं गावही आहे. ठेकेदार कुठल्या जळकोटला जातो ते आधी विचारा.

आता एक गोष्ट जी मला उशिरा कळली. जाहिरात फक्त त्या भागात असलेल्यांनाच दाखवा असं सगळे सांगतात, मीही तसंच करत होते. पण औशाच्या शेतातली मोटार बंद पडली की बाप पुण्यातल्या पोराला फोन लावतो, आणि शोधतं ते पोरगं, भोसरीत बसून. म्हणून मी पुण्यासाठी जाहिरातीची वेगळी मोहीम ठेवते. तिच्यात गावाचं नाव असलेलेच शब्द असतात, 'औसा बोअर मोटार' असे. गाव नसलेला शब्द तिथं घातलात तर पुण्यातल्या सोसायट्यांचे फोन येतील.

नको असलेल्या शब्दांची यादी, म्हणजे जे शब्द शोधले तर जाहिरात दिसू नये असे, पहिल्याच दिवशी लावा: अनुदान, योजना, फॉर्म, भरती, नोकरी, जुनी मोटार विकणे. पुढे दर सोमवारी लोकांनी खरंच काय टाइप केलं तो अहवाल वाचा आणि यादी वाढवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पैसे इथंच वाचतात.

कॉल किती सेकंदांचा धरायचा हे ठेकेदाराशी आधीच लिहून घ्या. गूगल ॲड्समध्ये ती मर्यादा मुळात 60 सेकंदांची असते, बदलता येते. मोटार काढायच्या कामाला 60 पुरतात. गाव, खोली, किती एचपीची मोटार, कधी येता, एवढं बोलेपर्यंत मिनिट उलटतं. नवीन बोअरसाठी मी 90 ठेवते, कारण नुसता भाव विचारून ठेवणारे पुष्कळ. एकाच नंबरावरून दुसऱ्यांदा आलेला कॉल मोजायचा की नाही, तेही त्याच कागदावर लिहा.

शेतीची लाईट पाळीनं येते. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटार रात्री बंद पडते आणि फोन भल्या पहाटे येतात. म्हणून जाहिरात चालू करण्याआधी एकदा सकाळी सहाला तुम्ही स्वतः ठेकेदाराचा नंबर लावून बघा. उचलला नाही तर जाहिरात आठपासून लावा.