लोकांपर्यंत पोहोचणारे आवाहन कसे तयार करावे

सामाजिक संघटनेची पहिली चूक बहुधा पत्रकातच होते. साऱ्या मागण्या, सारा इतिहास आणि सारा संताप एकाच कागदावर उतरतो आणि वाचणाऱ्याने नेमके काय करायचे, एवढेच सांगायचे राहून जाते. म्हणून पत्रक लिहायला बसण्यापूर्वी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ या आवाहनाकडे बारकाईने पाहावे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या या समितीने होळी बंद करा, असे येथे म्हटलेले नाही. सण तसाच राहतो, यमकामुळे ओळ लहान मुलांच्याही तोंडी बसते आणि मागणी एवढी छोटी असते की ती त्याच संध्याकाळी पुरी करता येते. आपलेही आवाहन असे एका कृतीवर आणून ठेवावे. ते जमत नसेल तर आपल्यालाच काय हवे आहे हे अजून ठरलेले नाही, असे समजावे.

यानंतर जागा निवडावी. माणूस ती कृती करण्याच्या बेतात असतो तेथेच उभे राहावे. विसर्जित मूर्ती दान करण्याचे आवाहन म्हणूनच नदीच्या घाटावर केले जाते. कुटुंब पाटावर मूर्ती ठेवून शेवटची आरती म्हणत असते, लहानग्याचे डोळे भरून आलेले असतात. अशा वेळी प्रदूषणावर व्याख्यान देऊ नये. आरती निवांत होऊ द्यावी आणि मग, “मूर्ती पाण्याला लावा आणि आमच्याकडे द्या, आम्ही ती नीट ठेवतो,” एवढेच नम्रपणे सांगावे. मागे टेबलावर स्वच्छ कापड असावे, मूर्ती ओळीने उभ्या असाव्यात आणि निर्माल्याचा कलश वेगळा असावा. मूर्तींचा ढीग दिसला, तर पत्रकातील एकाही शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही. माझ्या मते संदेशाचा अर्धा भाग त्या टेबलावरच असतो.

सांगण्यापेक्षा दाखवणे शक्य असेल तर दाखवावे. चमत्कार सादरीकरणात कार्यकर्ता मंत्र पुटपुटत तूप म्हणून ग्लिसरीन ओततो आणि खाली ठेवलेल्या पोटॅशियम परमँगनेटमुळे काही क्षणांत अग्नी प्रकटतो. प्रेक्षकांना आधी थक्क होऊ द्यावे, मग रसायन उघड करावे. क्रम उलटला तर सारा परिणाम जातो. हा प्रयोग अनुभवी माणसानेच, प्रेक्षकांपासून अंतर राखून करावा.

विरोधकांचा आक्षेप आपणच आधी लिहून काढावा. जादूटोणाविरोधी कायद्याच्या मागणीला ‘हा धर्मावर घाला आहे’ असे उत्तर मिळत राहिले, तेव्हा आपला विरोध देवाधर्माला नसून त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, हे समितीला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली आणि कायदा त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. त्या हत्येनंतरचे ‘आम्ही सारे दाभोलकर’ हे शब्द आजही गळा दाटून आणतात. शोकाच्या प्रसंगी सूडाची भाषा टाळून असे सर्वांना सामावणारे वाक्य शोधावे.

शेवटी हिशेब द्यावा. किती पोळ्या जमल्या आणि त्या कोणत्या वस्तीत पोहोचल्या, हे त्याच रात्री मोजून वहीत लिहावे आणि वृत्तपत्रांना पाठवावे. पोळी घेणाऱ्यांची छायाचित्रे मात्र छापायला देऊ नयेत.